ठकूबाईचं माप

कुणी मोठा महाराज वारला की ठकूबाईच्या घरात रिमोटवरून भांडण ठरलेलं.

कशेडी घाटाच्या अलीकडं, पोलादपूरच्या डोंगरात उतेकरांची वीस-बावीस उंबऱ्यांची वाडी. त्यातल्या निम्म्या दारांना कुलपं, कारण माणसं मुंबईला. ठकूबाईचा मुलगाही तिकडंच. घरात अठ्ठ्याहत्तरीची ठकूबाई आणि सून सारिका, दोघीच. सारिकाला दुपारी आपली मालिका हवी आणि म्हातारीला अंत्ययात्रा.

"आई, मेलेल्या माणसाला किती वेळ बघाल?"

"पोचवेपर्यंत. मयतावरून अर्ध्यात उठू नये गो."

ठकूबाई देवभोळी होती असं समजाल तर फसाल. शिवथरच्या घळीत ती उभ्या जन्मात एकदा गेली, तीही वऱ्हाडाची गाडी तिकडं वळली म्हणून. वारलेल्या महाराजांचं नावसुद्धा तिला धड माहीत नसायचं. उत्तरेकडचे महंत असोत, नाहीतर आणखी कुठल्या आश्रमाचे गुरू, तिला सगळे सारखेच. फुलांचे ढीग, रडणारे भक्त, रांगेतले मंत्री आले की ती चिडायची. "क्यामेरावाला मेला नुसती तोंडं दाखवतोय! उचलतात कसं ते दाखव की!"

एकदा परदेशातल्या कुणा मोठ्या धर्मगुरूंचा अंत्यविधी लागला. ठकूबाई सरसावून बसली. लाकडी पेटी बाहेर आली तशी म्हणाली, "आडवाच घातला गो! एवढा मोठा माणूस, आणि आडवाच!" मग उठून भाजी निवडायला गेली.

वाडीत तिला मयताची म्हातारी म्हणायला लागले. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? कुणी म्हणे हिला वैराग्य आलंय, कुणी म्हणे भ्रमिष्ट झालीय. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कारण होतं तिची पाठ.

गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या, खालच्या झऱ्यावरचं पाणी, सगळं त्या पाठीनं डोंगर चढवून आणलं आणि पाठ विळ्यासारखी वाकली ती वाकलीच. बारा वर्षं ती उताणी झोपली नव्हती. त्याचं तिला दुःख नव्हतं, वाकून चालणाऱ्या बायका त्या डोंगरात पैशाला पासरी. तिला भीती होती ती मेल्यानंतरची.

तिची सासू साळूबाईसुद्धा अशीच वाकलेली. पंचवीस वर्षांपूर्वी ती पहाटे कधीतरी गेली आणि मुंबईची माणसं पोचेपर्यंत ताठली. तिरडीवर ठेवली तर डोकं वर आणि गुडघे वर. अशी बांधणार कशी? दोघांनी गुडघे धरले, एकानं छातीवर हात ठेवले आणि दाबलं. ठकूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. कड्‌ असा आवाज झाला. कुणी कुणाकडं बघितलं नाही. तिरडी सरळ बांधली, रामाचं नाव घेतलं, निघाले. आणि तो आवाज मात्र ठकूबाईच्या कानात राहिला तो राहिलाच. आपल्यालाही असंच दाबणार, या विचारानं ती कित्येकदा जेवता जेवता थांबायची.

मग घरात टीव्ही आला आणि तिनं पहिल्यांदा बघितलं की काही मोठ्या माणसांना बसवून नेतात. तेव्हापासून एकही अंत्ययात्रा तिनं सोडली नाही.

गेल्या चैत्रात दक्षिणेकडच्या एका मठाचे शंभरी गाठलेले स्वामी गेले. दिवसभर तेच चाललेलं. वाडीतली माणसंही ठकूबाईकडं जमली. त्यात मोरू होता. नात्यानं चुलतदीर, वयानं तिच्याहून धाकटा, आणि वाडीतल्या प्रत्येकाची तिरडी बांधणारा. साळूबाईच्या छातीवर हात ठेवणारा तोच.

स्वामींना फुलांनी मढवलेल्या खुर्चीत बसवलं होतं. पाठ थोडी वाकलेली, मान कललेली. हजारो माणसं हात जोडून उभी. ठकूबाईला राहवलं नाही.

"मोरू, मला असं नेशील?"

सगळे हसले. मोरूही हसला. "तू काय मठाची स्वामीण हायस गो वयनी?"

"गेल्या पावसात ताप भरला तवा खुर्चीला बांबू बांधून रस्त्यापर्यंत नेलीस ना मला? तीच खुर्ची हाय घरात."

"जित्याला डोली, मेलेल्याला तिरडी. आपल्यात रीत नाय तशी. उद्या भावकी माझ्या तोंडात शेण घालेल."

"मग मला मोडा! सासूला मोडलात तशी मलाही मोडा!"

टीव्हीवर शंख वाजत होते. घरात मात्र कुणी हसेना. एकेक जण कामाचं निमित्त काढून उठला. मोरू सगळ्यांच्या शेवटी उठून गेला. पोचवेपर्यंत बघणाऱ्या ठकूबाईनं त्या दिवशी स्वामींना अर्ध्यावर सोडलं, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली आणि जेवलीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोरू आला. ओसरीवर बसला, चहा प्याला, यंदाच्या कैऱ्यांचं बोलला. मग एकदम म्हणाला, "वयनी, तू झोपतेस कशी?"

"डाव्या कुशीवर. पाय पोटाशी घेऊन."

"तशीच नेली तर?"

ठकूबाईनं मान वर केली.

"खुर्ची नाय जमायची. पण तिरडी रुंद बांधतो. खाली पेंढ्याची गादी घालतो, पाठीशी पेंढा लावतो. कुशीवर ठेवायची, झोपल्यागत. कुणी हात लावणार नाय." मोरूनं कप खाली ठेवला. "तो आवाज मलाही येतो, वयनी. माझ्या हाताखाली झाला तो."

पंचवीस वर्षांत या विषयावर दोघं बोलले ते एवढंच. मग मोरूनं खिशातून सुतळी काढली. "पड बघू. माप घेतो."

सारिका आतून धावत आली. "अहो, जित्या माणसाचं कुणी तिरडीला माप घेतं काय! दिवसाढवळ्या!"

"गप गो," ठकूबाई म्हणाली आणि अंथरुणावर डाव्या कुशीवर पडली. मोरूनं डोक्यापाशी गाठ मारली, गुडघ्यापाशी मारली, पाठीच्या बाकापाशी मारली. सारिकानं दोघांवरून मीठ ओवाळून टाकलं. त्या रात्री ठकूबाईला गाढ झोप लागली. पुढं दोन महाराज गेले, पण तिनं रिमोट मागितला नाही. सारिकाची मालिका सुखानं चालली.

आणि आश्विनात, भात कापणीला आलेलं असताना, मोरूच गेला. छातीत दुखतंय म्हणून महाडला नेला, चार दिवस दवाखान्यात होता, तिथंच संपला.

त्याला अंगणात आणला तेव्हा त्याच्या बायकोपेक्षा ठकूबाई मोठ्यानं रडली. "माझं माप घेऊन गेलास रे मोरू! आता मला कोण नेईल रे!" ऐकणाऱ्यांना वाटलं, म्हातारीला वेड लागलं. सारिकाला तेवढं कळलं, आणि तिनं पुढं होऊन सासूला धरलं. मोरूची तिरडी सरळ आणि घट्ट बांधली होती. बांधली त्याच्या मुलानं, किशोरनं. तो मुंबईला टेम्पो चालवतो. आपल्या वेळी त्याला काय ठाऊक असणार, हेच ठकूबाईच्या मनात घोळत राहिलं. ती पुन्हा जेवता जेवता थांबायला लागली. सांगावं तर कुणाच्या सुतकात जाऊन आपल्या मरणाचं काय बोलायचं?

तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या सकाळी किशोर मुंबईला निघायच्या आधी तिच्या ओसरीवर आला. डोक्यावरचे केस नुकतेच उगवायला लागलेले. त्यानं खिशातून सुतळीची गुंडी काढून तिच्यापुढं धरली. तीन गाठी तशाच होत्या.

"काकी, बाबांनी दवाखान्यात दोनदा वदवून घेतलं माझ्याकडून. सुतळी आढ्याला कुठं खोचलीय तेपण सांगितलं. तुझी तिरडी रुंद. पेंढ्यावर, डाव्या कुशीवर."

ठकूबाईनं गाठी चाचपल्या. एक, दोन, तीन. "आणि दाबायचं..."

"दाबायचं नाय. कुणाला हात लावू देणार नाय मी. तू ठेव ती, मी फोटो काढून घेतलाय मोबाईलवर."

ठकूबाईला रडू आलं, तिनं ते आवरलं नाही. पदरानं डोळे पुसून तिनं सुतळी कमरेला खोचली आणि म्हणाली, "मग आता कधीही चालेल."

"कधीही काय?" सारिका आतून ओरडली. "उद्या भात झोडायचं हाय!"