न छापलेली नावं

रत्नागिरीत मांडवीला बिऱ्हाड केलं त्या वर्षी मी दोन कामं धरली. एक प्राथमिक शाळेतली मास्तरकी, आणि दुसरं मुंबईच्या एका मराठी दैनिकाचं बातमीदारपण. दुसऱ्याला नोकरी म्हणणं जरा जास्तच होईल. वर्तमानपत्राने मला एक रबरी शिक्का पाठवला होता आणि सवलतीच्या दरात बातमीची तार करायचा परवाना. तो परवाना मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असे. तरुण होतो.

पहिल्या वर्षी मी खूप लिहिलं. पटकीची साथ आली ती कळवली. मिरजोळ्याकडे वणवा लागून गवताच्या गंजी आणि दोन गोठे जळाले ते कळवलं. यातलं काहीच छापून आलं नाही. कलेक्टरसाहेबांनी बक्षीससमारंभात भाषण केलं ते मात्र आलं, आणि आंब्याचा मोहर कसा आहे हे आलं. मला वाटायचं, आपल्याला नीट लिहिता येत नाही. मी वाक्यं लहान करत गेलो, विशेषणं गाळत गेलो. जिल्ह्यातली निम्मी घरं मुंबईच्या कमाईवर चालत होती, तिथल्या गिरण्या आमच्या माणसांनी भरल्या होत्या. तेव्हा मुंबईच्या पत्राला आमची खबर नको असेल, हे मनातच आलं नाही.

माझ्या शेजारच्या घरात एक म्हातारा खलाशी राहत असे. आयुष्य गलबतावर गेलेलं, आता गुडघे धरलेले. घरात त्याची बायको, सून आणि नुकतं चालायला लागलेलं नातवंड. मुलगा मुंबईला गिरणीत. तो इतकी वर्षं गावकीच्या खोलीत पंधरावीस जणांत राहत होता. त्या साली त्याने लालबागला स्वतःची खोली घेतली आणि बायकोला कळवलं की, पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आधी शेवटच्या बोटीने ये, धक्क्यावर उभा राहतो.

पत्र वाचून घ्यायला ती माझ्याकडेच आली होती. ओटीच्या पायरीवर बसून तिने ते दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "मास्तर, मुंबयचं नळाचं पाणी गोडं असतं काय वो?"

आमच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होत. मी म्हटलं, "गोडं असतं."

"मग डाळ शिजंल," ती म्हणाली. तिचा मुंबईचा सगळा विचार असा होता. कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकी मासळी आणि नवी विळी असं तिने एका गोणपाटात बांधून ठेवलं होतं. पोरगं त्या गाठोड्यावर चढून बसायचं आणि उतरायला तयार नसायचं.

शेवटची बोट मे महिन्याच्या अखेरीस होती. त्या दिवशी सकाळपासून समुद्र फुगला होता. आगबोट रत्नागिरीला धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू व माल पडावांतून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, तिच्यापर्यंत न्यावा लागे. व्यापाऱ्यांना आंब्याचा शेवटचा माल काहीही करून चढवायचा होता. पेट्या पडावाच्या मध्यभागी रचत गेले आणि माणसांना त्यांच्यावर बसवलं. पडाव हाकणाऱ्या एका तांडेलाने कुरकुर केली तेव्हा अडत्याचा माणूस म्हणाला, "दर वर्षी असंच जातं."

शेवटच्या बोटीची बातमी द्यायची म्हणून मी बंदरावर होतो. शेजारची सून दुसऱ्या खेपेच्या पडावात चढली. सासरा गुडघे धरून तिला पोचवायला आला होता. तिने पोराचा हात धरून आमच्याकडे हलवला.

पहिले पडाव पोचले. दुसऱ्या खेपेचे निम्म्या वाटेवर असताना वारा फिरला. आगबोटीच्या कप्तानाला थांबवेना. बोटीने भोंगा दिला, तोंड वळवलं आणि ती उत्तरेला निघून गेली. बोटीवरच्यांनी पाहिलं ते इतकंच, की काही पडाव मागे राहिले आणि परत फिरले.

परत फिरताना सून होती तो पडाव उलटला. तोवर आगबोटीचा नुसता धूर दिसत होता. एक लाट आडवी आली, पेट्या एका अंगाला सरकल्या आणि पडाव त्यांच्यामागून कलला. ओरडणं आमच्यापर्यंत आलं नाही, वारा उलटा होता. कोळ्यांनी होड्या लोटल्या. काही माणसं त्यांनी काढली. ती आणि पोर त्यांत नव्हती. म्हातारा माझ्या शेजारी वाळूत बसला. त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला होता, आणि शेवटची होडी परत येईपर्यंत त्याने तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती भाट्याच्या वाळूवर सापडली. सगळ्या किनाऱ्यावर फुटक्या पेट्या आणि आंबे पडले होते. पोर सापडलं नाही. मुलगा मुंबईला आणि देह थांबण्यासारखा नाही, म्हणून सासऱ्यानेच अग्नी दिला.

स्मशानातून परत येताना तो म्हणाला, "मास्तर, त्याला कळवा."

कळवायचं कुठे, हाच प्रश्न होता. नव्या खोलीचा पत्ता पत्रात नव्हता. गिरणीचं नाव म्हाताऱ्याला सांगता येईना. गावकीच्या खोलीवर तार केली, पण त्या खोलीतली मंडळी उन्हाळ्यात आली ती पेरणीसाठी गावीच राहिली होती, आणि त्याची नवी खोली त्यांनीही पाहिली नव्हती. खोलीला कुलूप. तार परत आली. बुडालेल्यांत आणखी काहींची माणसं मुंबईला होती, त्यांचीही हीच तऱ्हा.

मग मला वाटलं, आपल्या हातात वर्तमानपत्र आहे. लालबाग-परळात संध्याकाळी एक जण वाचतो आणि वीस जण ऐकतात. मी सगळी हकीकत तारेने पाठवली आणि तिच्याखाली बुडालेल्यांची नावं गावांसकट दिली. तारमास्तर म्हणाले, "नावं कशाला? नुसता आकडा द्या." मी म्हटलं, नावांसाठीच तार आहे.

अंक कोल्हापूरमार्गे टपालाने यायचा. तो आला तेव्हा मी उभ्याउभ्याच उघडला. पहिल्या पानावर सिमल्याच्या कौन्सिलाची चर्चा होती. तिच्या शेजारी, मुंबईत चौपाटीजवळ एक मोटार दिव्याच्या खांबावर आदळल्याची अर्धा रकाना बातमी होती. आतल्या गृहस्थांचं नाव, हुद्दा, त्यांच्या हाताला पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरांचंही नाव. आमची बातमी आत बाजारभावांच्या खाली सापडली. हवा बिघडल्याने रत्नागिरी बंदरी आंब्याचा माल पुरता चढू शकला नाही, भाव वाढण्याचा संभव आहे. काही उतारूही मागे राहिले. एक पडाव उलटल्याचे समजते.

समजते. मी वाळूत उभा राहून पाहिलं होतं. प्रेतांना खांदा दिला होता.

म्हाताऱ्याला वाचून दाखवावंच लागलं. त्याने विचारलं, "तिचं नाव खंय हाय?"

"नाही छापलं."

"मग त्याला कळायचं कसं?"

शाळेला सुट्टी होती. मी मोटारीने आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं आणि तिथून रेल्वेने मुंबई. लालबागला दोनतीन चाळी हिंडलो. आमच्याकडच्या बोलीत कुणाला हाक मारली की माणसं आपणहून जमत, त्यांतल्या एकाने खोली दाखवली.

तो घरात होता. खोलीला ताजा चुना मारलेला, भिंतीशी नवा स्टोव्ह, आणि आढ्याला पोरासाठी लुगड्याची झोळी टांगलेली. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. तो माझ्या मागे, जिन्याकडे बघत होता.

"मास्तर, तुमी घेऊन आलात काय मंडळींना? घाटानं?"

मी आत जाऊन बसलो. तो बोलतच होता. "धक्क्यावर उभा व्हतो मी. बोटीवरचे बोलले, दर्या खवळला म्हनून उतारू मागं राहिले. पेपरातबी तसंच व्हतं. वाचून घेतलं ना मी. पडाव उलटला लिवलं व्हतं, तो मालाचा धरला. म्हटलं, राहिली ती बरं झालं, असल्या दर्यात पोराला घेऊन कशाला यायचं." त्याने स्टोव्ह पेटवायला घेतला. "आता नारळी पुनवेपातूर वाट बघायची, असं धरून चाललो व्हतो."

मी त्याला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. पडाव उलटल्याचं सांगितलं, मग तिचं, मग पोराचं. त्याने काडी विझवली आणि ती हातातच धरून बसला.

मग म्हणाला, "आग्नी कोनी दिला?"

"तुझ्या बापाने."

"आनि पोर?"

"पोर मिळालं नाही."

तो मान हलवत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "इतके दीस मी रोज जेवलो, मास्तर. काल बाजूच्या खोलीत बारसं व्हतं, तितं पेढा खाल्ला. सुतक हाय हे पन मला ठाव नव्हतं." त्यानंतर तो रडला. मी उठून झोळी सोडू लागलो, तर त्याने हाताने खूण करून थांबवलं. स्वतः उठला, गाठ सोडली, लुगडं घडी करून कोनाड्यात ठेवलं.

सकाळी मी वर्तमानपत्राच्या कचेरीत निघालो. तो म्हणाला, मीही येतो. मी नको म्हटलं, तरी आला.

उपसंपादक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. तार मिळाली होती, हे त्यांनी लपवलं नाही. "पण त्या दिवशी जागाच नव्हती. सिमल्याचं आलं होतं."

"मोटारीला जागा होती," मी म्हटलं.

"चौपाटी आमच्या वाचकांच्या पायाखालची. तुमचं बंदर कितीकांनी पाहिलंय?"

"तुमचे निम्मे वाचक त्या बंदरातूनच आलेत."

"वाचतात, खरं आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण एक अंक चाळभर फिरतो. माझ्यापुढे त्यांचा चेहरा येत नाही, खोटं कशाला बोलू? आणि कोकणात पावसाच्या तोंडाला होड्या उलटतातच. दर वर्षी उलटतात. नवं काय लिहायचं? पडावात कुणी वकील, मामलेदार, असं माहितीतलं माणूस होतं का? एखादं तसं नाव असतं, तर मी बातमी वर उचलली असती."

"माजी बायको व्हती," तो म्हणाला. इतका वेळ तो भिंतीला टेकून उभा होता आणि उपसंपादकांनी त्याला माझा गडी समजलं असावं.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कागद पुढे ओढून त्यांनी तिचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

"पोराचंबी लिवा."

तेही त्यांनी लिहून घेतलं. उपसंपादक वाईट माणूस नव्हते. मला आजही त्यांचा राग आठवून आणावा लागतो.

परतीची गाडी मी एक दिवस पुढे ढकलली. अंक आला तेव्हा वाचकांच्या तक्रारींच्या सदरात चार ओळी होत्या. तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. पोराचं नाव नव्हतं. आणि अपघात मालवणनजीक झाला असं छापलं होतं. बाकी नावं नव्हतीच. त्याला वाचता येत नव्हतं. मी होतं तसं वाचून दाखवलं.

"मालवण?" तो म्हणाला. "म्हंजे ती दुसरीच कोन झाली."

आम्ही दोघं घाटाने परत आलो. मोटारीत तो सारा वेळ बाहेर बघत बसला. घरी आल्यावर त्याने उरलेले विधी केले, पोरासाठी भाट्याच्या वाळूवर पिंड ठेवला, आणि पाऊस अंगावर घेत शेतं नांगरली. पावसाळा सरल्यावर गिरणीत परत गेला. लालबागची खोली त्याने सोडली आणि पुन्हा गावकीच्या खोलीत पथारी टाकली.

मी शिक्का आणि परवाना परत पाठवून दिले. पुढच्या मोहराच्या वेळी दैनिकाकडून विचारणा आली, त्यांना पीक कसं आहे ते हवं होतं. मी लिहिलं की दुसरा माणूस पाहा. त्यांना दुसरा मिळाला. काही वर्षांनी मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मुंबईचे बातमीदार आमच्या किनाऱ्यावर उतरले. एक जण माझ्याकडे जेवला. मी त्याला बंदरावर नेलं आणि पडाव कुठे उलटला ते दाखवलं. त्याने आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं की, उद्या इथे कुणी पुढारी येणार आहेत का?

गावकीच्या खोलीतल्या मंडळींनी मात्र एक केलं. खोलीच्या बाहेर भिंतीला त्यांनी फळा ठोकला. बोटीवरून उतरलेल्या माणसाने आधी तिथे जायचं, गावाकडचं जे असेल ते सांगायचं, आणि लिहिता येणाऱ्याने ते खडूने लिहायचं. मुंबईला निघालेल्या प्रत्येकाच्या हाती मी मजकूर देऊ लागलो. खोलीला कुलूप लावून सगळे कधीच जायचे नाहीत, हेही ठरलं. फळा मी एकदा पाहिला. कुणाचा बैल मेला, कुणाला मुलगी झाली, कुठल्या वाडीत देवी आल्या. बरेचसे मृत्यूच होते, कारण निरोप पाठवावा असं आमच्याकडे दुसरं फार घडत नसे.

म्हातारा खलाशी पुढच्या एका आषाढात गेला, समुद्र बंद असताना. माझी तार त्याच दिवशी फळ्यावर लागली आणि मुलाला कळलं. पण पावसाने घाटात दरड कोसळली होती, मोटारी बंद होत्या. त्याने वरळीच्या किनाऱ्यावर डोकं भादरलं.

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बोटीने तो आला. आईला भेटून सरळ माझ्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, बाबा कसा गेला ते पयल्यापासून सांगा. मी सांगू लागलो. तापाचे दिवस, शेवटची पेज, खांद्याला कोण कोण होते. मध्येच थांबवून तो प्रत्येकाचं नाव पुन्हा विचारत होता.