भिंगरीबाईंची बढती

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगरीबाई म्हणत. काम कॉलर शिवायचं, म्हणजे एका जागी ठाण मांडून बसायचं. पण बाई पाऊण तास झाला की उठलेलीच. कधी हातात कात्री, कधी दोऱ्याचं रीळ, कधी बाह्यांचा गठ्ठा. आणि चाल अशी, की अख्खा कारखाना हिच्याच जिवावर चाललाय.

खरं सांगू? बाई लघवीला जात होती. धाकटीच्या बाळंतपणापासून हे मागे लागलं. शिंक आली की थेंब, खोकला आला की थेंब, गठ्ठा उचलला तर विचारूच नका. सहा वर्षं झाली, पण तिनं घराबाहेर ताकास तूर लागू दिली नाही. कारखान्याची रीतच तशी. संडासला जायचं तर मुकादमाच्या टेबलावरची लाल पाटी गळ्यात अडकवून, सगळ्यांदेखत जायचं. बायका चाळीस, पाटी एक. तिसऱ्यांदा मागितली की मुकादम घड्याळाकडे बघायचा. म्हणून हिनं पाटीचा नादच सोडला. हातात सामान घ्यायचं आणि सुटायचं. सामान हातात असलं की माणूस कामात आहे, अशी तिथं सगळ्यांची पक्की समजूत!

वाटेत मुकादमानं डोळे वटारले, की ही जवळच्या मशीनपाशी थांबून ठोकून द्यायची, "सुई तिरकी बसलीय गं." आणि गंमत बघा, सुई खरंच तिरकी निघायची. वर्षभरात बिघडलेले शर्ट निम्म्यावर आले. मोठ्या कचेरीतून एक साहेब घड्याळ घेऊन आला, तीन दिवस कोपऱ्यात बसला आणि त्यानं लिहिलं, 'ही बाई स्वतःहून रोज अकरा वेळा तपासणी करते.' झालं! भिंगरीबाई तपासनीस.

सासूबाईंनी गल्लीभर सांगून टाकलं. बाई तर मोरीत जाऊन रडली. एकोणीस वर्षं मान मोडून शिवल्यावर कुणीतरी तिला म्हणालं होतं, की आता तुम्ही बघा, दुसरे शिवतील. ती जागा तिला हवी होती, अगदी मनापासून.

मग तिनं ती जागा पाहिली. हॉलच्या मधोमध चौथरा, त्यावर काचेची खोली. सगळ्या ओळी दिसाव्यात म्हणून चारी बाजूंनी काच. चार तास खुर्ची सोडायची नाही, बदलीचा माणूस आल्याशिवाय दार उघडायचं नाही. आता याला काय म्हणावं? फिरते म्हणून निवडली, आणि बसवून ठेवायची! यांच्या अकलेचे दिवे कुठं ओवाळायचे ते सांगा.

"पाणीच पिऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीतच नाही तर पोहऱ्यात येईल कुठून?"

बाईनं ऐकलं. दोन दिवस घसा कोरडा ठेवून काचेत बसली. तिसऱ्या दिवशी खाली उतरताना चक्कर येऊन बाह्यांच्या ढिगावर आडवी झाली, आणि व्हायचं ते झालंच. तिनं घाईघाईनं बाह्या अंगावर ओढल्या. मुकादमाला वाटलं, कामापायी पडली. त्यानं फळ्यावर लिहिलं, 'असं झोकून देऊन काम करा.'

तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं. ती तडक मॅनेजरच्या खोलीत गेली.

"साहेब, मला त्या काचेत बसता येणार नाही."

"का? उंचीची भीती वाटते?"

"नाही."

"मग काचेची?"

"लघवीची! आवरत नाही मला. सहा वर्षं झाली."

मॅनेजरनं स्टेपलर उचललं, परत ठेवलं. "पण त्या अकरा फेऱ्या?"

"अकराच्या अकरा त्यासाठीच."

"आणि सुया?"

"त्या वाटेत लागायच्या."

बाईनं मनात जागेवर पाणी सोडलं. नोकरीही गेलीच म्हणून समजली. मॅनेजर उठला, दार लावून आला आणि घरचं बोलतात तशा आवाजात म्हणाला, "बाई, हे बऱ्याच जणींना होतं का?"

"मला काय ठाऊक? कुणी बोलेल तर ना."

"आमची ही दोन वर्षं कुठंच येत नाही. भावाच्या घरीसुद्धा नाही. गुडघे दुखतात म्हणते. गादीखाली रबरी कापड सापडलं, तर म्हणाली ओल येते. मी तिला माणूसघाणी म्हणालो. चारचौघांत."

बाईला त्याचा राग आला, आणि त्याच्या बायकोसाठी पोटात तुटलं.

"काचेची खोली काढून टाकतो," तो म्हणाला. "तुम्ही फिरतच तपासा. पण यावर औषध काय?"

"मी कधी कुणाला विचारलंच नाही, साहेब. उद्या अर्धा दिवस सुटी द्या. बाईसाहेबांना सांगा, मी न्यायला येते. दोघी मिळून डॉक्टरांना विचारू."

मॅनेजरनं अर्ज काढला. कारणाच्या रकान्यात सवयीनं 'घरगुती' लिहायला लागला. बाईनं कागद आपल्याकडे ओढला, ते खोडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लघवी आवरत नाही.' मग कागद त्याच्यापुढं सरकवला.

"करा सही," ती म्हणाली.