आपली विश्वासू, अ. ब. क.

दहावीच्या केंद्रावर किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही, राव. आपण फक्त हॉलतिकीट तपासत उभं राहायचं, ते आपसूक जमतात. पेपर तीन तासांत संपतो आणि गठ्ठे बांधून बोर्डाकडे जातात. किस्से मात्र आमच्याच स्टाफरूममध्ये राहतात, आणि चहाबरोबर दरवर्षी थोडे थोडे वाढत जातात.

मी घोडेगावात एका शाळेत मास्तर आहे आणि गेली बरीच वर्षं परीक्षेला केंद्रसंचालक. लोकांना वाटतं मोठं पद आहे. प्रत्यक्षात बोर्डानं छापून दिलेल्या सूचनांचं पुस्तक छातीशी धरून इकडून तिकडे पळायचं काम आहे. बरोबर दोन माणसं कायमची: घंटा वाजवणारे आमचे शिपाई धोंडूमामा आणि गणिताच्या शहा मॅडम. मॅडमच्या सासऱ्यांचं मंचरला कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण मॅडम रागावल्या की आमच्यापेक्षा चोख मराठी बोलतात.

*

आधी धोंडूमामांची घंटा.

परीक्षेच्या काळात केंद्रावर मोबाईल बंद. मुलांचेच नव्हे, आमचेही. सकाळी सगळे फोन एका पेटीत ठेवायचे आणि पेटीला कुलूप. मामांनीही फोन दिला. मामा मनगटाला घड्याळ बांधत नाहीत, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

तरी चार पेपर घंटा मिनिटावर वाजली. पाचव्या पेपरला मात्र दहा पन्नासची घंटा दहा तीसलाच झाली. या घंटेला प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं वर्गात उघडायची असतात. मी सूचनांचं पुस्तक टाकून व्हरांड्यातून धावलो. शहा मॅडम दारात पाकीट पोटाशी धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "सर, धावू नका. घंटा त्यांची असली तरी पाकीट माझ्या घड्याळावर उघडतं."

चौकशी केली. तेव्हा कळलं की मामा रोज गेटसमोरून भीमाशंकरची एसटी गेली की घंटा द्यायचे. ती रोज दहा पन्नासलाच जायची. त्या दिवशी वीस मिनिटं आधी गेली.

"मामा, अहो, एसटीवर परीक्षा चालवता?"

"सर, उशिरा येईल म्हून तयारीत व्हतो," मामा म्हणाले. "लवकर येईल हे कुणाच्या सपनात आलं आसतं का?"

दुसऱ्या दिवशी मीच घरचं गजराचं घड्याळ त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं.

*

एका निकालानंतर डोंगराकडचे एक आजोबा शाळेत आले. खांद्यावर तांदळाची पिशवी. नात पास झाली होती. घरात दहावी झालेलं ते पहिलंच माणूस.

"ह्यो रायभोग बोर्डसायबांना द्या," ते म्हणाले. "लई उपकार झालं."

मी म्हटलं, "बाबा, बोर्ड म्हणजे कुणी साहेब नाहीत."

"मंग बाई हाय का?"

"बाई पण नाही. ते ऑफिस आहे, पुण्याला."

आजोबांनी थोडा विचार केला. "मंग आफिसात कुणी जेवत न्हाई का?"

शहा मॅडम पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मी घेत नाही, आजोबा परत नेत नाहीत, अशी ओढाताण अर्धा तास चालली. शेवटी मामांनी तोडगा काढला. चतुर्थीला ते लेण्याद्रीला जाणारच होते, पिशवी घेऊन गेले. तांदूळ बोर्डाच्या वतीनं गणपतीला पोचला. मला तेव्हा हसू आलं होतं. पण खरं सांगतो, ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा कुणाचे आभार मानायला तो म्हातारा दोन गाड्या बदलून आला होता, आणि मला इतक्या वर्षांत ते एकदाही सुचलं नव्हतं.

*

आता हौसाबाई.

डिंभे धरणाच्या पलीकडं एक वाडी आहे. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी ही बाई. वय चाळिशीच्या पुढं, शाळा सातवीत सुटलेली. जवळच्या आश्रमशाळेत स्वयंपाकिणीची कायमची जागा निघणार होती आणि त्या जागेला दहावी पास लागत होती. बारा वर्षं रोजंदारीवर खिचडी शिजवलेल्या बाईला त्या एका कागदाशिवाय अर्जही करता येणार नव्हता. म्हणून तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. फॉर्म आमच्याच शाळेत भरला, त्यामुळे ती आमची झाली.

गणित तिला शहा मॅडमनी शिकवलं. दर रविवारी ती घोडेगावला यायची. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "त्रैराशिक येतं का?"

हौसाबाई म्हणाली, "नाव न्हाई ठाव. पर साठ पोरांची खिचडी हाय, पंचेचाळीसच आली तर डाळ किती कमी करायची ते ठाव हाय."

मॅडमनी पुस्तक मिटलं आणि त्या दिवसापासून सगळी गणितं डाळ-तांदळात घातली. बीजगणितातला 'क्ष' सुद्धा. "क्ष म्हणजे न आलेली पोरं," असं मॅडमचं म्हणणं.

*

मार्चमध्ये परीक्षा झाली. पहिला पेपर मराठीचा. त्या वर्गावर नेमक्या शहा मॅडम. पेपर परत देताना हौसाबाई हळूच म्हणाली, "मॅडम, तुमालाच पत्र लिवलंय. खाली सही बी केलीय."

मॅडमचा चेहरा उतरला. पत्रलेखनाचा प्रश्न होता: तुम्हाला मदत केलेल्या व्यक्तीला आभारपत्र लिहा. आता उत्तरपत्रिकेत आपलं नाव, गाव, काहीही लिहायचं नाही हा बोर्डाचा पहिला नियम. पत्राखाली 'अ. ब. क.' लिहायचं. हौसाबाईनं लिहिलं होतं: 'आपली हौसाबाई, खिचडीवाली,' आणि खाली वाडीचं नाव, व्हाया घोडेगाव.

मॅडमनी ते पान उघडून पाहिलं आणि माझ्याकडे आल्या. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, दिसलंच नाही म्हणा. पण त्या म्हणाल्या, "रिपोर्ट करायला लागेल, सर. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर केलाच असता." स्वतःच्या हातानं रिपोर्ट लिहिला, सही केली, आणि मग स्टाफरूमच्या कपाटामागं उभं राहून रडल्या. आपले आभार मानणाऱ्या बाईची तक्रार आपणच करायची. मी त्यांना पाणी दिलं.

*

मे महिन्यात सुनावणीचं पत्र आलं. पुण्याला बोर्डात हजर व्हा. पेपर रद्द झाला तर जुलैच्या फेरपरीक्षेलाही बसू देत नाहीत, म्हणजे वर्ष गेलं, आणि आश्रमशाळेची जागा काही वर्षभर थांबणार नव्हती. मी तिला घेऊन गेलो. तिनं लग्नातली साडी नेसली होती आणि वाटेत दोनदा विचारलं, "सर, अटक बिटक तर न्हाई ना करत?"

आत एक वयस्क साहेब बसले होते. पुढं तिचा पेपर. ते शांतपणे म्हणाले, "बाई, पत्राखाली अ. ब. क. लिहा अशी सूचना होती. तुम्ही नाव का लिहिलंत?"

"सायब," हौसाबाई म्हणाली, "आभाराचं पत्र बिननावाचं कसं धाडायचं? मॅडमला कळाया नको का, कुणी आभार मानलं?"

साहेबांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "मार्क मिळवण्यासाठी ओळख दिली नाही, नियम माहीत नव्हता, असं लिहून द्या."

हौसाबाईनं सावकाश, ओळ न चुकता लिहिलं आणि कागद परत दिला. साहेबांनी वाचला आणि चष्मा काढून कपाळाला हात लावला. खाली सुवाच्य अक्षरात होतं: 'आपली विश्वासू, अ. ब. क.'

"अहो बाई, इथं खरं नाव लिहायचं."

"काय ते एकदा ठरवा, सायब," हौसाबाई म्हणाली. "मला लिवायला दोन्ही येतं."

साहेब हसले, मी हसलो, पाणी घेऊन आलेला शिपाईसुद्धा हसला. समज देऊन सोडलं. पेपर रद्द झाला नाही. त्या साहेबांचं नाव मी विचारलं नाही, पण त्यांचे आभार मी अजून मानतो.

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "सर, बोर्डाला नावाचं एवढं वावडं का?"

मी सांगितलं, "पेपर तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. कोण कुणाचं, कुठल्या गावचं, काय काम करतं, काही कळत नाही. फक्त उत्तर दिसतं."

"म्हंजी मी खिचडी करती त्ये बी ठाव नसतं?"

"नाही."

मंचर आलं तशी ती म्हणाली, "हे लई बरं हाय, सर. आजवर समद्यांनी आधी खिचडी बघितली." थोड्या वेळानं आपणहून सांगितलं, "माझ्या आयला सही येत नव्हती. कुटंबी गेली की अंगठा द्यायची आन पदराला पुसायची. नाव इचारलं तर सांगायची बी न्हाई. मी सातवीत व्हते तवा गेली ती."

*

जूनमध्ये निकाल लागला. मराठीत चांगले मार्क, बाकी विषय सुटले, गणितात गेली. शहा मॅडम म्हणाल्या, "माझंच चुकलं, भूमितीत डाळ घालता येईना." जुलैच्या फेरपरीक्षेला पुन्हा बसवली. जागेच्या अर्जाची मुदत त्या निकालानंतरची होती. आता ही एकच संधी.

पेपरच्या आदल्या दिवशी हौसाबाई मॅडमकडे मुक्कामाला येऊन राहिली, ते बरं झालं. रात्रीतून घाटात दरड आली आणि एसटी बंद. वर्गात सात नंबर टाकलेले, हजर एकटी हौसाबाई. तिच्यासाठी बाहेर पोलीस, आत पर्यवेक्षक, मी, घंटेपाशी मामा, आणि सीलबंद पाकीट.

पाकीट उघडताना त्यावर दोन परीक्षार्थींच्या सह्या घ्याव्या लागतात. सील शाबूत होतं याची साक्ष. आता दुसरा परीक्षार्थी आणायचा कुठून? मी पुस्तक चाळायला लागलो. हौसाबाई बाकावरून म्हणाली, "सर, घाबरू नका. एक सही करते, एक अंगठा देते. दोन झाल्या."

मी ऑफिसातल्या लँडलाइनवरून बोर्डाला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "एकच हजर असा शेरा मारा आणि वेळेवर सुरू करा. एक असो की शंभर, पेपर अकरालाच." मामांनी घंटा दिली. त्या दिवशी अख्ख्या बोर्डाची यंत्रणा एका खिचडीवालीसाठी उभी होती, आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटलं.

*

ती पास झाली. जागाही मिळाली. आता आश्रमशाळेतली पोरं तिच्या हातचं जेवतात.

मार्कशीट घ्यायला आली त्या दिवशी तिनं ती टेबलावर सपाट ठेवली आणि बोट फिरवत वाचली. आपलं नाव वाचलं. मग एका ओळीवर बोट थांबलं. आईचे नाव: ठकूबाई.

"हे बोर्डानं छापलं?"

"तुम्हीच फॉर्मवर लिहिलं होतंत," मी म्हटलं.

"लिवलं व्हतं," ती म्हणाली. "छापतील आसं वाटलं नव्हतं."

मी पोच घ्यायचं रजिस्टर पुढं केलं. तिनं सही केली, पूर्ण नावाची. मग मामांकडं बघून शाईचं पॅड मागितलं. मामांनी दिलं. सहीशेजारी अंगठा उमटवून तिनं तो पदराला पुसला, मार्कशीट पिशवीत घातली आणि दोनच्या गाडीनं गेली.

पुढं वर्षभरानं तपासणीला एक साहेब आले. रजिस्टर बघता बघता थांबले. "हे काय? मार्कशीट एक, आणि पोच दोन? सहीपण आणि अंगठापण?"

मी काही बोलणार तेवढ्यात मामांनी चहाचा कप साहेबांपुढं ठेवला.

"दोघी आल्या व्हत्या, सायब."