पाचवा शुक्रवार आणि चाचांची भट्टी

पाळकसाहेब परिषदेहून परत आले ते नुसते फुलून आले होते. रविवारी उपदेशाला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "आपण लोक फार दारं लावून बसतो."

आम्ही सगळ्यांनी एकदम दाराकडे बघितलं. खरंच लावलेलं होतं!

एकोणीसशे तीस साल नुकतंच उलटलेलं. लुथरन पंथाचे ख्रिस्ती म्हणजे कोण, हे बहुतेक नाशकाला ठाऊकच नव्हतं. टांगेवाल्याला सांगितलं की तो आम्हाला हमखास इंग्रजांच्या मोठ्या चर्चपाशी नेऊन सोडायचा आणि आम्ही तिथून मुकाट्याने चालत परत यायचो. आमची मंडळी म्हणजे वऱ्हाडाकडून आलेली सात घरं आणि द्वारका नाक्याच्या अलीकडे भाड्याने घेतलेली एक लांबट खोली. तिच्यात वेदी, वाजवायची पेटी, चार बाकं. रस्त्यावर आवाज जाऊ नये म्हणून दार लावूनच गायचं, अशी आम्हाला सवय. कुणी मनाई केली नव्हती हो! आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

तर पाळकसाहेब म्हणाले, ईस्टरच्या आधीचे सात शुक्रवार सात घरांनी वाटून घ्यायचे. खोलीत नाही, आपापल्या अंगणात. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेचा एकेक भाग एकेका घराकडे. नियम तीन. अंगण उघडं ठेवायचं. शेजाऱ्यांना घरच्या कर्त्याने स्वतः जाऊन बोलवायचं, आणि सुरुवात सगळ्यात जवळच्या दारापासून करायची. आणि बोलताना हातात पुस्तक नको.

पुस्तक नको म्हटल्यावर मोठी माणसं हसली. लुथरनांना पुस्तक नको? आमच्याकडे पोर बोलायला लागलं की त्याला प्रश्नोत्तरं पाठ करायला बसवतात. एक ओळ आली की लगेच खाली प्रश्न, म्हणजे काय? मग त्याचं उत्तर. पुढची ओळ, पुन्हा म्हणजे काय? दृढीकरणाच्या दिवशी, म्हणजे पोर मंडळीचं पक्कं सभासद होतं तेव्हा, सगळ्यांसमोर घडाघडा म्हणायचं, अडखळलं की आईची मान खाली. आणि माझे बाबा तर ह्यातले वस्तादच! संडेस्कूल तेच घ्यायचे. छापखान्यात पुस्तकं बांधायचं त्यांचं काम, आमच्या मंडळीतली सगळी गीतांची पुस्तकं त्यांच्याच हातची. त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी एक शब्द इकडचा तिकडे झाला नसता.

घरं रस्त्याच्या क्रमाने घेतली, तेव्हा आमचा नंबर पाचवा आला. आणि पाचवा भाग क्षमेचा.

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे कोण काय गाईल ते ठरवायला लागले. बाबा मात्र भराभर घराकडे चालायला लागले. आईने दाराशीच विचारलं, "मग? जवळचं दार कुठलं?"

बाबा म्हणाले, "बघू."

आता हे बघू का, ते सांगायलाच हवं. आमच्या घरमालकाच्या खोल्या एका अंगणाभोवती होत्या. मधे विहीर. आमच्या दारापासून चार पावलांवर कल्हईवाल्या चाचांचं दार. ह्याहून जवळचं दार जगात नव्हतं. चाचा कधी सर्व्हिस मोटारीने सिन्नरच्या बाजाराला भांडी घेऊन जायचे, नाहीतर अंगणातच भट्टी लावायचे. भाता, निखारे, वर पातेलं तापलेलं, त्यात नवसागर टाकला की भस्सकन पांढरा धूर! मग कथील लावून कापसाने असा हात फिरवायचे की काळं भांडं आतून चांदण्यासारखं व्हायचं. मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायची. बाबांची आणि चाचांची मैत्री म्हणावी अशी नव्हती, पण सकाळी विहिरीवर दोघं एकमेकांना सलाम करायचे. आम्ही ख्रिस्ती लोकही सलामच म्हणतो, त्यामुळे आमच्या दोन घरांत निदान तेवढं तरी एकसारखं होतं.

वेदीवरचं पांढरं वस्त्र धुवायचं काम आईकडे. ती ते निळीतून काढून अंगणातल्या दोरीवर घालायची. आदल्या वर्षी एकदा ते भट्टीच्या धुराने आणि काजळीने असं काही झालं की आईने तीनदा धुतलं तरी डाग राहिला. आई चिडली, चाचींशी दोन शब्द बोलली, चाचींनी दोन परत दिले, तिथे संपलं असतं. पण बाबा कुणाशी भांडत नाहीत. बाबा सरळ मालकाकडे गेले. आणि मालकाने चाचांना सांगितलं, भट्टी बाहेर.

तेव्हापासून चाचांची भट्टी बोळाच्या तोंडाशी, रस्त्यावर. उन्हात पाठ, तोंडावर टांग्यांची धूळ, पावसात तर कामच बंद. आणि विहिरीवरचा सलामही बंद. दोन पुरुष एकाच दोरावर पाणी काढायचे आणि एकमेकांच्या घागरीकडे बघायचे. आई आणि चाची मात्र मागच्या खिडकीतून कढीपत्ता आणि विरजण देत-घेत होत्या. ते बाबांना माहीत नव्हतं असं आईला वाटायचं.

चार शुक्रवार झाले. कुठे फक्त आम्हीच, कुठे दोन-तीन शेजारी दारातून बघून गेलेले. मी प्रत्येक ठिकाणी पुढे बसून सगळ्यांत मोठ्याने गायले. आमचा शुक्रवार जवळ आला तसे बाबा समोरच्या शेतकरी मावशींकडे गेले. त्यांचा वाल आणि वांग्यांचा मळा होता. कोपऱ्यातल्या शिंप्याकडे गेले. विहिरीपलीकडच्या पोस्टमनकाकांकडे गेले. अख्खं अंगण फिरले आणि चार पावलांवरच्या दाराला वळसा घालून परत आले.

मी म्हटलं, "बाबा, चाचांकडे मी जाऊ? मी पटकन सांगून येते!"

"जा," बाबा एकदम हलके होऊन म्हणाले.

"मुळीच नाही," आई चुलीपासून म्हणाली. "कर्त्याने जायचंय. कर्ते कोण, ही?"

"अगं, तो येणार आहे थोडाच?"

"आला नाही तर नाही आला. तुम्ही कुठे गेलाय?"

"आणि आला तर?" बाबा म्हणाले. "त्याच्यासमोर उभं राहून क्षमेवर काय बोलू मी?"

तोवर मला वाटत होतं की बाबांना चाचांचा राग आलाय. बाबांना लाज वाटत होती.

बाबा गेले नाहीत.

शुक्रवारी दिवेलागणीला सतरंज्या घातल्या. पोस्टमनकाकांनी कुठून तरी गॅसबत्ती आणली, ती सूं सूं करत होती. आमच्या मंडळीची सगळी घरं, शिंप्याची म्हातारी, शेतकरी मावशी त्यांच्या यजमानांसकट! एवढी माणसं आधीच्या एकाही शुक्रवारी नव्हती. आणि अंगण तर सगळ्यांचंच, त्यामुळे चाचाही होतेच. सतरंजीवर नाही. आपल्या दारात, स्टुलावर, मांडीवर एक परात घेऊन चिंधीने पुसत बसलेले. परात कधीचीच लख्ख झालेली होती.

गाणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, काही कळलं नाही तर मोकळेपणाने विचारा. बाबा उभे राहिले. हात मागे बांधले आणि सुरू झाले. पण काय सुरू झाले? प्रश्नोत्तरंच! पुस्तक हातात नव्हतं खरं, पण ते पोटात होतं ना. क्षमेचं उत्तर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आगगाडीसारखं. आणि आमच्या मंडळीतल्या लहानथोर सगळ्यांचे ओठ त्यांच्याबरोबर आपोआप हलत होते. मी पाळकसाहेबांकडे बघितलं, तर त्यांचेही!

बाबा थांबले. तेवढ्यात शेतकरी मावशी म्हणाल्या, "म्हंजी काय वो भाऊ?"

आमची पोरं फिसकन हसली. मावशींना काय माहीत की पुस्तकातला पुढचा प्रश्न नेमका हाच असतो! आणि बाबा सवयीने पुढचं उत्तर म्हणायला लागले.

"आवो थांबा, थांबा," मावशींनी हात वर केला. "ते लय ग्वाड हाय, पर ते पुस्तकातलं झालं. मी तुमास्नी इचारते. माफ करायचं, माफी मागायची, म्हंजी कुनाची? आता हे चाचा हितं बसल्यात. त्यांची भट्टी तिकडं धुळीत. त्याचं काय?"

त्यांचे यजमान कुजबुजले, "ए, गप की."

"का गप? इचारा म्हनले ना मघाशी पाद्रीबाबा?"

पाळकसाहेबांनी खाली सतरंजीकडे बघितलं. बाबांचे हात मागून पुढे आले, मग कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मला वाटलं आता ते म्हणतील, आपण प्रार्थना करू या, आणि सगळं मिटेल. मी तर मनात तशी विनंतीच करत होते. मिटू दे. एकदाचं मिटू दे.

बाबा सतरंजीवरून खाली उतरले. चपला न घालताच चालत गेले. ती चार पावलं.

"चाचा, सलाम."

चाचांचा हात परातीवर थांबला. "वालेकुम सलाम."

"मी मालकाकडे गेलो. ते... मी तुमच्याकडे यायला पाहिजे होतं. मी आलो नाही. माझं चुकलं."

बस, एवढंच. मधे दोनदा अडखळले. मी माझ्या बाबांना त्याआधी कधी अडखळताना ऐकलंच नव्हतं.

चाचांनी परात बाजूला ठेवली. "भाईसाब, सालभर मैं येईच सोच रहा था. मालक का घर वो गली के पार. मेरा दरवाजा इत्ता दूर था क्या?"

"नाही."

"तुम आके चार गालियां देते तो मैं पांच देता. बात खतम हो जाती. मालक को बीच में लाये, वो लगा मेरे कू."

"भट्टी आत आणा," बाबा म्हणाले. "मालकाला मीच सांगतो. उद्याच."

"और वो भाभी का सफेद कपडा?"

"ते घरात वाळवू."

"कुठल्या घरात?" आई मागून म्हणाली. "आपल्या खोलीत माणसं वाळत घालायला जागा नाही!"

सगळं अंगण हसलं. चाचीही दाराआडून हसल्या. चाचा म्हणाले, "भाभी, कपडा तुम सुबह सुखाव. भट्टी मैं दोपहर के बाद लगाऊं. इतनीच तो बात थी."

एवढीच गोष्ट होती! आणि त्यासाठी एक माणूस वर्षभर धुळीत बसला आणि दुसऱ्याला स्वतःच्या अंगणात मान वर करता येईना.

मग चाचा आपलं स्टूल उचलून आमच्या सतरंजीच्या कडेला येऊन बसले. "चलो, पढो. तुम्हारा पढना बाकी है."

"पाठ केलेलं संपलं, चाचा," बाबा म्हणाले.

"तो बिना पाठ का बोलो."

आणि बाबा बोलले. फार नाही. देवाने आपल्याला धरून ठेवलंय, आपण चांगले आहोत म्हणून नव्हे, येशूमुळे, असं मी लहानपणापासून म्हणत आलो, पण आज मला ते पायांत कळलं, असं म्हणाले. पायांत! असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मग एक छोटी प्रार्थना केली, तिच्यात चाचांच्या घरासाठी आणि मावशींच्या मळ्यासाठी मागितलं. मावशी मोठ्याने म्हणाल्या, "आन्‌ पानी बी मागा हो, इहीर आटलीया." बाबांनी पाणीही मागितलं.

मालकाकडे बाबा खरंच दुसऱ्या दिवशी गेले. तो आधी कुरकुरला, पण भट्टी आत आली. सहावा आणि सातवा शुक्रवार भरून गेले, आणि ईस्टरला आमच्या लांबट खोलीचं दार पहिल्यांदा उघडं ठेवून गायलो. शेतकरी मावशी त्यानंतर कितीतरी रविवारी येऊन मागच्या बाकावर बसल्या आणि उपदेशात मधेच प्रश्न विचारत राहिल्या. पाळकसाहेबांना त्याची इतकी सवय झाली की त्या नसल्या की तेच थांबून बघायचे.

मी हे दुसऱ्या गावच्या मंडळ्यांना सांगायला लागले की कुणीतरी विचारतंच, मग ते चाचा ख्रिस्ती झाले का? नाही झाले. चाचा आपला नमाज पढतात, ईदला आमच्याकडे शीरखुर्मा येतो, नाताळला आमच्या करंज्या तिकडे जातात, आता पुढच्या दारातून. पण आम्ही काय मानतो हे द्वारकेपासून पलीकडे कुणाला विचारायचं असेल तर लोक चाचांनाच विचारतात, आणि ते आमच्यापेक्षा चांगलं सांगतात! म्हणून माझं म्हणणं एवढंच की तुमच्याकडेही एक अंगण उघडा. काय बोलायचं ह्याची काळजी नका करू. आधी सगळ्यात जवळच्या दाराशी जा. तिथे जायला पाय जड झाले तर समजा की तिथूनच सुरुवात आहे. मी देवाचे आभार मानते की आमचा नंबर पाचवा आला, आणि मावशींना गप्प बसता येत नाही, आणि आईने मला चाचांकडे जाऊ दिलं नाही. मी पटकन जाऊन आले असते आणि बाबा कधीच गेले नसते.

आता छापखान्याला सुट्टी असली की दुपारी आई वस्त्र काढून घेते आणि ओरडते, "झालं हो!" मग चाचा निखारे पेटवतात आणि बाबा भाता मारायला जाऊन बसतात. मी खिडकीतून ऐकते.

"बोलो भाईसाब. पिछली बार दुआ का वो रोटीवाला हिस्सा आधा छूट गया. रोज की रोटी मांगते, तो कल की क्यूं नहीं?"

"ते... म्हणजे काय आहे चाचा..." बाबा म्हणतात, आणि अडखळतात, आणि भाता थांबतो.

"अरे, भाता मत रोको! बोलते बोलते मारो!"