शुक्रवारी लूम बंद असतात

भिवंडीतल्या नारपोलीत शुक्रवारी कापड विणायचे लूम बंद असतात. बाकीचे सहा दिवस त्या खडखडाटात वावरणारी माणसं त्या दिवशी जरा बिचकून चालतात, असं मला नेहमी वाटतं. अशाच एका शुक्रवारी संध्याकाळी मी आणि माझा नवरा तिथल्या एका गल्लीत शिरलो. ऊन तिरपं झालं होतं. त्यात रुईचे बारीक तंतू तरंगत होते, त्यांना खाली पडायची काही घाई नव्हती. माझे पाय जमिनीला लागतायत की नाही, तेच कळत नव्हतं. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्याचाही परिणाम असेल.

दारू सोडू पाहणारी माणसं दर शुक्रवारी तिथे जमतात, आपापलं बोलतात, कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नारपोलीच्या शाळेच्या मागची गल्ली, पहिला मजला, एवढाच पत्ता. नवरा यायला तयार झाला तो एका अटीवर. रस्ता कुणालाही विचारायचा नाही. विचारलंस तर तिथूनच परत फिरेन, म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. तो मानकोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून, मी गावातल्याच दुसऱ्या शाळेत बाई, आणि आमच्या घराला भिवंडीत तीन पिढ्या झालेल्या. एकाला विचारलं की रात्रीच्या जेवणाआधी गावभर. आणि मला पक्कं ठाऊक होतं, आज परत फिरला तर तो पुन्हा कधीच येणार नाही.

म्हणून आम्ही न विचारता शोधत होतो. पहिला मजला तर प्रत्येक घराला होता. तेच बंद शटर, तीच ओट्यावर झोपलेली मांजर, तीच कठड्यावर वाळत घातलेली गोधडी पुन्हा पुन्हा समोर येत होती. स्वप्नात एखादं घर सापडत नाही आणि आपण चालतच राहतो, तसं चाललं होतं. नवरा मागे अंतर राखून येत होता, जणू आमची ओळखच नाही. ऑफिसात त्याच्या तब्येतीच्या थापा मारणारी मी, सासरी सारवासारव करणारी मी, आणि आता गल्ल्या पालथ्या घालणारीही मीच, म्हणून माझा जीव नुसता जळत होता. मग मागे वळून पाहिलं की त्याची हनुवटी दिसायची. दाढी करताना हात थरथरून कापली होती, तरी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्या हनुवटीवर काही मला रागावता येईना.

शेवटी मी थांबले, त्याला जवळ येऊ दिलं आणि हळूच म्हणाले, “दारू सोडायची मीटिंग इथेच कुठेतरी असणार.”

हळूच म्हणाले असं मला वाटलं. लूमच्या शेजारी जन्म गेलेल्या बाईची कुजबुज म्हणजे दुसऱ्या गावात दवंडीच, आणि त्या दिवशी ती झाकायला कसलाही आवाज नव्हता. वाक्य गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचलं. एका खिडकीतून डोकं बाहेर आलं. दारात भांडी घासणाऱ्या बाईचा हात थांबला. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

“चल घरी,” नवरा म्हणाला आणि वळलासुद्धा.

वरच्या गॅलरीत एक बाई तांदूळ निवडत बसली होती. तिने सुपातून मान वर केली नाही. “घरी कशाला जातंस, दादा? त्या निळ्या दारातून वर जा. अजून सुरू न्हाय झालं. आमचा मानूस पन वरच हाय.”

नळाला पाणी आलंय हे सांगावं, तशा आवाजात तिने ते सांगितलं. नवरा थबकला. मी सवयीने तोंड उघडलं आणि कसं कोण जाणे, मिटलं. तो बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता जिना चढून गेला.

मी खालच्या पायरीवर बसले. त्या शांततेत वरचं सगळं ऐकू येत होतं. खुर्च्या सरकल्या, कुणी खोकलं, कुणी दोन शब्द बोललं. मग त्याचा आवाज आला. “मी...” एवढंच. इतकी वर्षं ते पुढचं वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी तडफडत होते. उठून सरळ खिडकीखाली गेले.

तेवढ्यात त्या तांदूळवाल्या बाईच्या घरात मिक्सर घरघरला. समोरच्या घरात वॉशिंग मशीन सुरू झालं, पलीकडे कुणी टीव्ही मोठा केला. मला संताप आला. ती बाई खाली आली, माझा हात धरून मला वर तिच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि नारळाची एक वाटी आणि खवणी पुढ्यात ठेवली.

“दर शुक्रवारी आमी सगल्या याच टायमाला आवाजाची कामं काढतो,” मिक्सरच्या आवाजात ओरडत ती म्हणाली. “त्यांना बोलू दे, बाय. तू खव.”

मी खवत राहिले. डोळ्यांतलं पाणी नारळात पडू नये म्हणून मान वर धरली होती.

तो खाली आला तेव्हा दिवे लागले होते. आम्ही शाळेला वळसा घालून निघालो, आता तो माझ्या बरोबरीने चालत होता.

“तुला काही ऐकू आलं?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं आणि मला त्याचं वाईटही वाटत होतं.



“मग घरी गेल्यावर सांगतो,” म्हणाला. “पहिल्यापासून सांगतो.”