बंद इंजिनातले दोन ठोके

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. लालबागला मसाल्याच्या दुकानांमागे आमचं छोटं गॅरेज आहे. गाडी आवाज करते म्हणजे आत काहीतरी झिजलंय नाहीतर सैल झालंय — एवढंच माझं अध्यात्म. कुणी भुताचं काढलं की मी म्हणायचो, "आधी ऑइल चेक कर." हल्ली ती मस्करी सुचत नाही...

आधी आमची एक पद्धत सांगतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडीखाली आडवे असायचे आणि मी सीटवर. इंजिन बंद करायचं असलं की ते खालून पान्याने दोनदा ठोकायचे. मी चावी फिरवून बारकासा हॉर्न द्यायचो — म्हणजे बंद केलंय, आता खुशाल हात घाला. हॉर्न ऐकेपर्यंत ते ठोकतच राहायचे, आत बोटसुद्धा घालायचे नाहीत. त्यांचा अंगठा एकदा जॅकखाली चेचला होता, त्यामुळे दुसरा ठोका हलका पडायचा. ठक्... ठुक. अण्णा आता नाहीत. आजारपणात गेले, घरीच.

गणपतीला गावी जायचं म्हणून परळहून ताई गाडी घेऊन आली. सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड, गरम झाली की गायब. बघतो तर भावजींनी कुणाचं तरी ऐकून नव्या गाड्यांचं एकदम पातळ ऑइल घातलेलं! जुन्या, झिजलेल्या इंजिनात ते कसं टिकणार? रात्रभरात सगळं खाली उतरतं आणि सकाळी टॅपेट, म्हणजे वरचे व्हॉल्व्ह हलवणारे भाग, कोरडेच वाजतात. मी ते काढून कंपनीने सांगितलेलं जाड ऑइल भरलं, फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी गार इंजिन चालू केलं तर खडखड साफ गेलेली.

"पोरांना घेऊन घाट उतरायचाय रे संजू, नीट बघ हां," गाडी न्यायला आलेली ताई म्हणाली आणि कोपऱ्यावर चिवडा घ्यायला गेली.

म्हणून शेवटचं एकदा ऐकलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची, हे अण्णांनीच शिकवलेलं. आवाज अगदी स्वच्छ होता. इंजिन बंद केलं. गार होताना धातू बारीक तडतडतो, ते ऐकायला मला आवडतं, म्हणून परत कान लावला.

ठक्... ठुक.

चावी माझ्या खिशात होती. भर दुपार, मसाला कांडायची मशीनही जेवणाच्या सुट्टीत बंद. खाली वाकून पाहिलं, कोणी नाही. स्क्रूड्रायव्हर काढला की शांत, लावला की ठक्... ठुक. ठक्... ठुक. काय करतोय हे कळायच्या आत मी खिडकीतून हात घालून हॉर्न दिला.

ठोके थांबले. तेव्हा मला जास्त भीती वाटली — हॉर्न म्हणजे हात घालायची परवानगी ना?

ताईला गाडी दिली नाही. "सणाच्या तोंडावर काय हा तमाशा!" म्हणत ती पोरांना घेऊन एसटीने गेली. मी इंजिन पूर्ण उघडलं. बेअरिंग, चेन, ऑइल पंप... कुठे ओरखडाही नाही. शेवटी परत जोडून गाडी तिच्या दारात नेऊन दिली.

काल तिचा फोन आला. "गाडी झकास चाललीय रे. फक्त बंद केल्यावर खालून काहीतरी वाजतं. ठक्-ठुक, असं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? हॉर्न दिला की थांबतं."

ताई गॅरेजमध्ये कधी सीटवर बसलेली नाही. हॉर्नचं तिला कोणी सांगितलेलं नाही. मी तसाच परळला गेलो आणि भांडून चावी घेऊन आलो. ती आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि ताई माझ्याशी बोलत नाही. सख्ख्या बापाची अशी भीती वाटावी याची लाज वाटते, पण वाटते. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा — हॉर्न ऐकल्यावर अण्णा हात कशात घालतात?