पाहुण्यांसमोर

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई दवाखान्याच्या खाटेवर टेकून बसली होती आणि भेटायला आलेल्यांना हसून चहाचा आग्रह करत होती. उशाशी आजच ठेवलेलं, चेहऱ्यावरून वेदना ओळखणारं यंत्र मध्येच हळुवारपणे म्हणालं, "आजी, खूप दुखतंय ना? सिस्टरना बोलावू?"

सगळ्यांचे कप हातातच राहिले. आई माझ्यावर डाफरली, "आधी बंद कर ते!"

आमच्याकडे दुखण्याचा विषय पाहुण्यांसमोर काढायचा नसतो. ते घरच्यांनी ओळखायचं असतं. यंत्राला माया असते का, देव जाणे. माझं बोट मात्र बटणापाशी अडखळलं.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"परवापासून."

परवापासून मी तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, "आता बराच आराम आहे."